‘प्रिपेन्स’ : पूर्वचिंतनवाचक जुन्या विधिसंज्ञेचा अर्थ आणि उगम

प्रस्तावना : खून म्हणजे आधी बेत आखून केलेली हत्या, असा समज विद्यार्थ्यांत सर्रास आढळतो. या समजाचे मूळ इंग्रजी कायद्यातील ‘मॅलिस प्रिपेन्स’ या संज्ञेत आहे. प्रस्तुत लेखात तिचा अर्थ व भारतीय विधीतील स्थान तपासले आहे.

व्युत्पत्ती : ‘प्रिपेन्स’चे मूळ जुन्या फ्रेंचमधील ‘पुरपॉन्से’ हा शब्द होय. त्यातील ‘पॉन्से’ हे लॅटिन ‘पेन्सारे’, म्हणजे तोलणे, यापासून आले. आपणही विचार ‘तोलून’ पाहतो, कल्पना तीच. आद्य उपसर्ग ‘पुर’ असताना ‘पूर्वी’ या अर्थाच्या प्रभावाने त्याचा ‘प्रि’ झाला. पुढे इंग्रज न्यायालयांनी संज्ञेचा अर्थ इतका ताणला की, द्वेष वा दीर्घ विचार यांपैकी काहीही नसताना ती लागू होऊ लागली.

भारतीय विधी : १८६० च्या भारतीय दंडसंहितेने ही संज्ञा टाळून ‘उद्देश’ व ‘जाणीव’ यांवर खुनाची व्याख्या उभारली. उद्देश क्षणार्धातही निर्माण होऊ शकतो. म्हणून पूर्वचिंतन हा खुनाचा आवश्यक घटक नाही. मात्र कलम ३०० च्या चौथ्या अपवादात, आकस्मिक भांडणातील हत्येसंबंधी, पूर्वचिंतनाचा अभाव ही एक अट आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्येही ती कायम आहे.

नानावटी खटला : २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्या गोळ्यांनी प्रेम आहुजा यांचा मृत्यू झाला. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी आरोपीस निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने तो कौल अमान्य करून खुनाबद्दल जन्मठेप दिली. पत्नीच्या कबुलीने झालेला प्रक्षोभ गंभीर व आकस्मिक असल्याने पहिला अपवाद लागू होतो, असाही बचाव होता. परंतु घर सोडल्यापासून सुमारे तीन तासांचा अवधी गेला होता. त्यात पत्नी-मुलांना चित्रपटगृहाशी सोडणे आणि जहाजावरून रिव्हॉल्व्हर मिळविणे घडले. आवेग शमण्यास व विचारपूर्वक योजना करण्यास एवढा काळ पुरेसा होता, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी शिक्षा कायम केली.

निष्कर्ष : पूर्वचिंतन सिद्ध झाल्यास उद्देशाचा पुरावा बळावतो व बचावाचे अपवाद दुरावतात, ते सिद्ध न झाल्याने मात्र खुनाचा आरोप आपोआप ढासळत नाही. ‘उद्देश’ आणि ‘पूर्वचिंतन’ हे शब्द अध्यापनात वेगळे राखणे म्हणूनच अगत्याचे आहे.