एका फितुराची आणि एका संशयाची गोष्ट

शास्त्रीय कादंबरी म्हटली की यंत्रे, अग्निबाण आणि परग्रहावरचे चमत्कारिक प्राणी एवढेच पुष्कळांच्या डोळ्यांसमोर येते. अमेरिकन लेखक फ्रँक हर्बर्ट यांची १९६५ साली प्रसिद्ध झालेली ‘ड्यून’ आम्ही मात्र राजकारणाचे पुस्तक म्हणून वाचली.

ड्यूक लेटो हा सरदार सम्राटाच्या हुकमाने एका वाळवंटी ग्रहाचा कारभार हाती घेतो. आधी हा ग्रह त्याचा हाडवैरी बॅरन हार्कोनेन याच्याकडे होता. बॅरनने ड्यूकचा घरवैद्य यूए यालाच फोडलेले असते. या वैद्याच्या कपाळावर शाही संस्कारांची खूण गोंदलेली. असा वैद्य कोणाचा जीव घेऊच शकत नाही, अशी जगाची खात्री. म्हणून त्याच्याकडे कोणी बोट दाखवीत नाही. बॅरनने त्याची बायको पळवून नेलेली आहे. म्हणजे हा मनुष्य निष्ठाशून्य नाही. त्याच्या एका निष्ठेला दुसरीशी झुंजवले आहे, इतकेच.

पण खरी मख्खी पुढेच आहे. ड्यूकची सहचारिणी जेसिका हीच फितूर, असे सुचवणारी एक चिठ्ठी बॅरन मुद्दाम ड्यूकचा हेरप्रमुख हवात याच्या हाती पडू देतो. हवात तीन पिढ्यांचा इमानी सेवक. तो जेसिकावर पाळत ठेवतो आणि यूए मोकळा राहतो. संपाच्या दिवसांत हे आम्ही पाहिले आहे. मालकाला सगळे कार्यकर्ते विकत घ्यावे लागत नाहीत. अमका सेक्रेटरी रात्री बंगल्यावर गेला होता, एवढी कुजबूज चाळीत सोडली की भागते.

ड्यूकचा जेसिकावर पूर्ण विश्वास होता. शत्रूला फसवण्यासाठी त्याने संशयाचे सोंग घेतले आणि खरे काय ते मुलाला, पॉलला, सांगितले. आमच्या मते सर्वांत महाग पडले ते हे सोंग. यूएने वाड्याचे संरक्षक कवच बंद केले, एका रात्रीत घराणे कोसळले, ड्यूक मेला. सोंग मात्र जिवंत राहिले. यूएची बायको तर आधीच मारली गेली होती. कैद झालेला हवात, जेसिकाच दोषी असे धरून, बॅरनच्याच पदरी राबला. आणि गर्नी हॅलेक या दुसऱ्या इमानी सेवकाने पुढे बऱ्याच काळाने जेसिकाला गाठून तिच्यावर सुरी धरली. पॉलने यूएचे नाव सांगितले तेव्हा, आता मलाच मारा, असे तो विनवू लागला.