गच्चीवरची वीस मीटर तार

सोसायटीच्या गच्चीवर कुणी तांब्याची तार ताणायला लागलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डिश बसवताय का?" "नाही, हॅम रेडिओ" असं उत्तर मिळालं, की दुसरा येतो, "म्हणजे तुम्ही आरजे?" तिसरा जरा खालच्या आवाजात विचारला जातो, "पण हे कायदेशीर आहे ना?" हौशी रेडिओबद्दलचे निम्मे गैरसमज या तीन प्रश्नांतच आहेत. विज्ञानाची आवड असलेली कितीतरी मुलं या छंदाच्या उंबरठ्यावरून परत फिरतात ती अशाच ऐकीव समजांमुळे, म्हणून ते एकदा नीट तपासलेले बरे.

डिश आणि आरजे हे प्रश्न लवकर निकालात निघतात. आकाशवाणी किंवा एफएम केंद्र बोलतं आणि श्रोते ऐकतात. हॅम रेडिओवर दोन्ही बाजूंनी बोलणं होतं, आणि तेही फक्त परवानाधारकांमध्ये. गाणी लावणं, जाहिरात करणं, धंद्याचे निरोप देणं याला तिथे बंदी आहे. प्रत्येक हॅमला सरकारकडून एक कॉल साइन मिळते. भारतातल्या बहुतेक कॉल साइन व्हीयू२ किंवा व्हीयू३ने सुरू होतात. राजीव गांधींची होती व्हीयू२आरजी, आणि पंतप्रधानपदावर असतानाही हवेत त्यांची ओळख तीच, "व्हिक्टर युनिफॉर्म टू रोमिओ गोल्फ". जॉर्डनचे राजे हुसेन जेवाय१ म्हणून बोलत. समोर राजा असो की शाळकरी मुलगा, पुरुष हॅमला दुसरा हॅम "ओल्ड मॅन" म्हणतो आणि निरोप घेताना "सेव्हंटी थ्री" म्हणतो. तारखात्याच्या काळापासून चालत आलेल्या या आकड्याचा अर्थ "शुभेच्छा" असाच आहे.

कायद्याच्या प्रश्नामागे मात्र इतिहास आहे. दुसरं महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी परवाने रद्द करून संच जमा करून घेतले. १९४२ साली 'चले जाव'च्या धामधुमीत मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. त्याच्या यंत्रजुळणीत नरिमन प्रिंटर या मुंबईच्याच हौशी रेडिओवाल्याचा हात होता. ते प्रक्षेपण व्हायचं ४२.३४ मीटरवर. हिशेब केला तर ही वारंवारिता ७.०८ मेगाहर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे आजचे हॅम ज्या '४० मीटर' पट्ट्यावर रोज गप्पा मारतात, नेमका तोच पट्टा. खाजगी ट्रान्समीटर म्हणजे काहीतरी चोरून चाललेलं, ही भावना रुजायला अशा काळाने हातभार लावला असणार.

आज वस्तुस्थिती अगदी उलटी आहे. हॅम रेडिओवर सांकेतिक भाषेत गुपितं बोलायची परवानगीच नाही. मोर्स किंवा क्यू-कोड (क्यूने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत) यांचे अर्थ जगजाहीर आहेत. बोलणाऱ्याने स्वतःची कॉल साइन पुन्हा पुन्हा सांगायची असते आणि त्याचं बोलणं कुणीही ऐकू शकतं. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन रीतसर परवाना काढता येतो. बेकायदा आहे ते ऑनलाइन मागवलेला हॅम पट्ट्यांवरचा वॉकीटॉकी परवान्याशिवाय वाजवायला लागणं. तो मोह होणाऱ्यांनी आधी परीक्षेकडे वळावं.

"त्यासाठी इंजिनिअर व्हायला लागतं आणि ते डा-डिट-डा यायला लागतं" हा समज फार चिवट आहे. मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती २००३ मध्येच उठली. भारतात रिस्ट्रिक्टेड वर्गाच्या परवान्याला मोर्स लागत नाही; जनरल वर्गाला लागतं, तेही मिनिटाला आठ शब्दांच्या बेताच्या वेगाने. बाकीचा अभ्यास म्हणजे ओहमचा नियम, रोध, धारित्र, तरंगलांबी आणि रेडिओचे नियम. दहावीच्या मुलाला यातलं निम्मं आधीच माहीत असतं. फक्त त्याचा उपयोग कुठे होतो, हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं.

गच्चीवरच्या तारेत तो उपयोग दिसतो. प्रकाशाच्या वेगाला वारंवारितेने भागलं की तरंगलांबी मिळते. ७.१ मेगाहर्ट्झला ती सुमारे ४२ मीटर येते. तिच्या निम्म्याहून थोडी कमी, म्हणजे वीस मीटर तार घ्यायची, बरोबर मध्ये तोडून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर ताणायची आणि मधल्या जोडातून केबल खाली संचापर्यंत आणायची. झाला डायपोल अँटेना. तार आधी हातभर लांबच ठेवतात, कारण कापलेली तार वाढवता येत नाही. मग मीटर लावून परत येणारी शक्ती बघायची, दोन्ही टोकांची चार-चार बोटं तार कापायची, पुन्हा बघायचं. पाण्याची टाकी जवळ असली की काटा वेगळं काही सांगतो, दोरी सैल पडली की आणखी वेगळं. पुस्तकातलं सूत्र आणि प्रत्यक्षातली गच्ची यांच्यातला फरक हाताला कळतो तो इथे. हॅम होण्याचा पहिला आणि सगळ्यांत टिकाऊ फायदा हाच.

"मोबाइल असताना हे कशाला?" सगळ्यांत गंभीरपणे उत्तर द्यावं असा प्रश्न हा. मोबाइलवरचा आवाज जवळच्या मनोऱ्यापर्यंत हवेतून जातो. पुढे केबल, एक्स्चेंज, वीज, कंपनी. मधला सगळा रस्ता भाड्याचा. हॅमच्या दोन संचांमध्ये आकाशाशिवाय कुणी नसतं. जमिनीपासून काहीशे किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशाने विद्युतभारित झालेला आयनांबराचा थर असतो. लघुलहरी त्यावरून वळून पुन्हा पृथ्वीवर उतरतात. भर दुपारी ४० मीटरवर पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, नागपूर मिळतं. अंधार पडला की खालचा, लहरी शोषून घेणारा थर विरतो; मग जवळची ठाणी बुडू लागतात आणि हजारो किलोमीटरवरचे आवाज वर येतात. सूर्यावरच्या डागांचं चक्र सुमारे अकरा वर्षांचं असतं, आणि ते भरात आलं की उंच वारंवारितेचे पट्टे खुलतात. रोज सूर्याची खबर ठेवून बोलणं हा अनुभव कुठलाही फोन देत नाही.

आणि तो भाड्याचा रस्ता तुटतोही. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद एका तुकडीसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. हेतू निव्वळ हौसेचा होता. अंदमानातून हॅम केंद्र चालवायची परवानगी क्वचितच मिळायची, त्यामुळे तिथल्या ठाण्याशी बोलायला जगभरचे हॅम टपलेले होते. २६ डिसेंबरला सकाळी साडेसहाच्या सुमाराला जमीन हादरली, मागोमाग सुनामी आली आणि बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला. हौसेसाठी नेलेले संच आणि अँटेना त्या दिवसापासून मदतीच्या कामाला लागले. व्हीयू४आरबीआय या कॉल साइनवरून निरोप जाऊ लागले, पुढे कार निकोबारवरही ठाणं उभं राहिलं. आपलं माणूस जिवंत आहे एवढं एक वाक्य ऐकायला मुख्य भूमीवर घरंच्या घरं कान लावून बसली होती.

ओडिशाचं १९९९चं महाचक्रीवादळ आणि २००१चा भुजचा भूकंप, दोन्ही वेळी हॅमनी हेच केलं. पण यावरून "हा छंद फक्त आपत्तीसाठी" असं समजणंही चूकच. रोजच्या गप्पांत ज्याचा कान तयार झालेला असतो, त्यालाच खरखरीतून बुडत चाललेला आवाज वेचता येतो. गंगासागरच्या मेळ्यात हरवलेल्या यात्रेकरूंना घरी पोचवण्याचं काम वेस्ट बेंगॉल रेडिओ क्लब वर्षानुवर्षं करत आला आहे. तिथे यंत्राइतकीच कामी येते ती राज्याराज्यांत पसरलेली ओळख.

खर्चाचं म्हणाल, तर नवा जपानी संच लाखाच्या पुढे जातो, हे खरंच. पण तेवढाच एक मार्ग नाही. हैदराबादचे अशर फरहान, व्हीयू२ईएसई, यांनी भारतातल्या बाजारात सहज मिळणारे सुटे भाग डोळ्यांपुढे ठेवून बिटएक्स हा संच रचला. फेराइटची महागडी कडी मिळेनात म्हणून मूळ रचनेत काही वेटोळी चक्क नळाच्या वायसरांवर गुंडाळली होती. शक्ती पाच-सहा वॅट, घरातल्या एलईडी दिव्याहून कमी. त्यावरून लोक देशोदेशी बोलले, आणि पुढे ही रचना जगभरच्या हॅमनी घरी बांधली. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या वायसरवर तार गुंडाळून परदेशातला आवाज ऐकणाऱ्या मुलाला इलेक्ट्रॉनिक्सची भीती पुन्हा वाटेल असं दिसत नाही.

उरला "जुनाट" हा शिक्का. जोसेफ टेलर यांना १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल पल्सारच्या संशोधनासाठी मिळालं. ते स्वतः हॅम, के१जेटी. क्षीण खगोलीय संकेत वेचण्याचा सराव असलेल्या या माणसाने सहकाऱ्याबरोबर २०१७ मध्ये एफटी८ ही निरोप पाठवायची डिजिटल पद्धत दिली. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने चालणारी ही पद्धत गोंगाटाहून शंभरपट क्षीण संकेतही संगणकाच्या मदतीने ओळखते. इस्रोने तर ५ मे २००५ रोजी कार्टोसॅट-१ बरोबर खास हॅमसाठी हॅमसॅट नावाचा साडेबेचाळीस किलोंचा उपग्रह सोडला, आणि तो २०१४ पर्यंत चालला.

अंतराळ स्थानकावरही हॅम संच आहे. जुलै २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी त्यावरूनच भारतातल्या विद्यार्थ्यांशी गप्पा मारल्या. स्थानकाचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर उतरतो आणि तो ऐकायला हातात मावणारा संचही पुरतो. ज्याला या छंदाची चव घ्यायची आहे, त्याने स्थानक डोक्यावरून जाणार असेल अशा एखाद्या संध्याकाळी परवानाधारक हॅमच्या शेजारी गच्चीवर जाऊन बसावं. स्थानक क्षितिजावर येतं तेव्हा डॉप्लर परिणामामुळे आवाज मूळ आकड्याच्या साडेतीनेक किलोहर्ट्झ वर सापडतो, डोक्यावर येईतो जागेवर येतो आणि दूर जाताना तेवढाच खाली घसरतो. हॅमचं बोट सगळा वेळ बटणावर असतं. दहा मिनिटं होत येतात, खरखर वाढत जाते, आणि स्थानक क्षितिजाखाली जातं.