शाकाहारी ताट आणि जनुकांवरील खुणा

मुलुंडच्या एखाद्या व्यापारी कुटुंबात चाळिशीच्या आतबाहेर मधुमेहाचे निदान झाले, तर आता कोणी फारसे नवल करीत नाही. वडिलांना होता, आजोबांना होता, तेव्हा मुलालाही झाला, असे म्हणून विषय संपविला जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन या समजुतीला पुरेसे मानत नाही. वारसा केवळ जनुकांचा नसतो. गर्भात असताना आईच्या ताटात काय होते, त्याचाही असतो.

याज्ञिक ऑक्सफर्डहून पुण्यास परतले तेव्हा मधुमेहाची पाठ्यपुस्तके पाश्चात्त्य लठ्ठ रुग्णांवर बेतलेली होती. त्यांच्यासमोर येणारे रुग्ण मात्र अंगाने बारीक होते. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हा ‘बारीक पण चरबीयुक्त’ देह जन्मापासूनच तसा असतो, हे पुणे परिसरातील नवजात बालकांच्या मोजमापांतून दिसले. येथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. तरीही त्वचेखालील चरबीत तेवढी तूट नव्हती. तूट होती ती स्नायूंत.

१९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत सुमारे ८०० गर्भवतींचा अभ्यास सुरू झाला. रक्ततपासणीत दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ कोणातही नव्हती. मुले सहा वर्षांची झाल्यावर ज्यांच्या मातांमध्ये फोलेट भरपूर आणि ब-१२ अल्प होते, त्यांच्यातच इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सर्वांत मंद दिसला. २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

येथे मिथिलीकरणाचा प्रश्न येतो. डीएनए ही मूळ खतावणी मानली, तर त्यातील मजकूर जन्मभर तोच राहतो. मात्र कोणते पान उघडे ठेवायचे आणि कोणते मिटायचे, हे ठरविणाऱ्या बारीक रासायनिक खुणा त्यावर असतात. मिथिल गट ही त्यांतील प्रमुख खूण. तिचा कच्चा माल पुरविणारे चक्र फोलेट आणि ब-१२ यांच्या आधारे फिरते. ब-१२ नसेल तर होमोसिस्टीन साचून राहते आणि पुरवठा मंदावतो. २००३ साली अमेरिकेत वॉटरलँड आणि जर्टल यांनी गाभण उंदरांना फोलिक आम्ल, ब-१२ आदी घटक जादा दिले, तेव्हा पिलांच्या केसांचा रंग बदलला. जनुक तेच होते, खुणा बदलल्या होत्या. हैदराबादच्या सीसीएमबीमधील डॉ. गिरिराज चांडक यांच्या गटाने ब-१२ दिल्यानंतर मधुमेहाशी संबंधित काही जनुकांवरील मिथिल खुणांत बदल नोंदविले. अर्थात उंदरावरून माणसाचा संपूर्ण हिशेब मांडता येत नाही, आणि खुणा बदलल्या म्हणजे रोग टळला, असेही नव्हे.

जैन घरांसाठी हा विषय अधिक जवळचा आहे. डाळी-कडधान्यांमुळे फोलेट मिळते. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य झाल्या तरी ते पुरते आटत नाही. ब-१२ मात्र शाकाहारात मुख्यतः दूध, दही, ताक, पनीर यांतूनच येते, आणि आयंबिलात तेही बंद असते. हे जीवनसत्त्व मुळात सूक्ष्म जीवाणू तयार करतात. औषधी ब-१२ सुद्धा जीवाणूंच्या किण्वनातूनच मिळते. त्यामुळे गोळी घेण्यास तत्त्वतः अडचण नाही. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असू शकते, एवढे औषधविक्रेत्यास विचारून घ्यावे. गर्भवतीने फोलिक आम्लाची गोळी मनाने थांबवू नये. तिच्या जोडीला ब-१२ची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी. लग्नाच्या वयाच्या मुलींच्या रक्ततपासणीतही ती असावी, कारण गर्भ राहिल्यावर पहिले आठवडे बहुधा नकळतच निघून जातात.

याच विचाराने २०१२ साली त्याच सहा गावांत पुढचा प्रयोग सुरू झाला. गर्भात असताना ज्यांच्या नोंदी झाल्या होत्या, ती मुले-मुली आता किशोरवयीन होती. त्यांतील काहींना रोज फक्त २ मायक्रोग्रॅम ब-१२ देण्यात आले. पुढे त्यांची लग्ने झाली, आणि जन्मलेल्या बाळांच्या नाळेतील रक्तही तपासले गेले.