मधुमेही मुले आणि आईबापांची कारागिरी

नगर जिल्ह्याची साखरेशी जुनी सोयरीक आहे. १९५० साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे त्या वाटेने सारा महाराष्ट्र गेला. परंतु ज्या घरातील मुलाला मधुमेह आहे, तेथे हीच साखर चमच्याने मोजून द्यावी लागते. हा मधुमेह उतारवयातला नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. मुलाने गोड फार खाल्ले म्हणून तो होत नाही, की आईबापांच्या हयगयीनेही होत नाही.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलाला प्रथम इन्शुलिन टोचण्यात आले. तोवर हा रोग म्हणजे मरणच होते. आता मूल जगते. मात्र जे काम स्वादुपिंड मुकाट्याने करी, ते आईबापांच्या गळ्यात पडले आहे. मूल किती जेवले, किती खेळले, सुई किती युनिटांची द्यावयाची, हे त्यांनी रोज ठरवावयाचे. डॉक्टरांची भेट अधूनमधून होते. रात्री दोन वाजता मूल घामाने भिजून उठते तेव्हा उशाशी आईच असते. म्हणून या रोगावरची कित्येक साधने घरातच जन्मली, यात नवल नाही.

अमेरिकेतील जॉन कॉस्टिक या संगणकतज्ज्ञाच्या लहान मुलाला २०१२ साली मधुमेह झाला. मुलाच्या अंगावरील यंत्र दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा सांगे, पण तो जवळच्या लहानशा पडद्यावरच दिसे. मूल शाळेत आणि बाप कचेरीत, तर त्या आकड्याचा उपयोग काय? २०१३ मध्ये त्यांनी तो आकडा इंटरनेटवरून आपल्या फोनवर आणला. पुढे इतर पालक व जाणकार मिळाले, आणि 'नाइटस्काउट' या नावाने ही युक्ती सर्वांना मोफत खुली झाली. बोस्टनचे अभियंता एड डॅमियानो यांचा मुलगा तर तान्हा असतानाच आजारी पडला. साखर पाहून स्वतःच इन्शुलिन सोडणारा पंप घडविण्यात त्यांची वर्षानुवर्षे गेली. २०२३ च्या मे महिन्यात त्याला अमेरिकेत सरकारी मान्यता मिळाली.

असली यंत्रे महाग असतात. पाथर्डी-शेवगावकडचे ऊसतोड कुटुंब सहा-सहा महिने कोपीत राहते, त्याच्यापुढचा प्रश्न निराळाच आहे: फ्रिज नाही, तर इन्शुलिन ठेवावे कोठे? न उघडलेली बाटली दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. वापरातली बाटली सुमारे चार आठवडे बाहेर चालते, पण साधारण पंचवीस-तीस अंशांच्या आत. नगरचा वैशाख चाळीस अंशांवर जातो. उन्हाने मंदावलेले इन्शुलिन दिसावयास चांगल्यासारखेच असू शकते. सुई दिली जाते, पण साखर उतरत नाही.

यावर गरिबाघरचे उत्तर म्हणजे माठ. मोठ्या माठात लहान मडके ठेवावे, मधल्या जागेत ओली वाळू भरावी, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात बाटली घालून तो डबा मडक्यात ठेवावा आणि वर ओले फडके टाकावे. माठ सावलीत, वाऱ्यावर असावा. वाळू सुकू देऊ नये. पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जाते, एवढेच यातील शास्त्र. अनेक देशांतील मातीची भांडी संशोधकांनी याच कामासाठी तपासली आहेत. हवा कोरडी तितका गारवा अधिक. म्हणून नगरच्या उन्हाळ्यात माठ जे काम करतो, ते कोकणच्या दमट हवेत तितके होणार नाही.

मात्र माठ म्हणजे फ्रिज नव्हे. त्यात थर्मामीटर ठेवून पाहावे, आणि महिनोमहिन्यांचा साठा त्यात करू नये. बर्फाला चिकटवून ठेवणेही वाईट, कारण गोठलेले इन्शुलिन टाकूनच द्यावे लागते. दुसरे घरगुती साधन म्हणजे मुलाच्या खिशातील साखरेची पुडी. साखर सत्तरच्या खाली उतरून हातपाय कापू लागले, की सुमारे पंधरा ग्रॅम साखर द्यावी. लहान मुलाला कमी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखाना गाठावा.

आईबापांच्या या हिकमतीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण कौतुक करून आपण मोकळे होऊ नये. गळिताच्या हंगामात कारखान्याने आपल्या दवाखान्यातील फ्रिजचा एक कप्पा अशा मुलांसाठी राखला, आणि वर्गात खिशातील साखर खाणाऱ्या मुलाला गुरुजींनी हटकले नाही, तर त्या माउलीचे निम्मे ओझे उतरेल. ज्या जिल्ह्याने सहकारातून कारखाने उभे केले, त्याला एक कप्पा जड नाही.