यशस्वी माणसाकडून मागितलेला पुरावा

लंडनमध्ये १७७३ साली निघालेल्या एका कवितासंग्रहाच्या सुरुवातीला एक निवेदन छापलेले आहे. त्याखाली बॉस्टनमधल्या १८ प्रतिष्ठित गोऱ्या पुरुषांची नावे आहेत. त्यांत मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर टॉमस हचिन्सन आहेत, पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे जॉन हॅनकॉक आहेत, शहरातले धर्मोपदेशक आहेत. या कविता फिलिस व्हीटली या तरुण गुलाम मुलीनेच लिहिल्या आहेत याची आम्ही खात्री देतो, असा त्या निवेदनाचा आशय. व्हीटली सात-आठ वर्षांची असताना तिला आफ्रिकेतून आणून बॉस्टनमध्ये विकले गेले होते, आणि विशी गाठण्यापूर्वीच तिच्या इंग्रजी कविता छापून येत होत्या. पण नुसती कविता पुरेशी नव्हती, १८ जणांचा दाखला सोबत जोडावा लागला. तो जोडूनही टॉमस जेफरसन यांनी व्हर्जिनियावरच्या आपल्या ग्रंथात तिच्या कविता टीकेच्याही लायकीच्या नाहीत असे म्हणून त्या मोडीत काढल्या. पुढे २७ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांना, आपला जन्म अमेरिकेतलाच आहे हे पटवण्यासाठी, आपला सविस्तर जन्मदाखला व्हाइट हाउसमधून प्रसिद्ध करावा लागला. निवडणुकीच्या काळात, २००८ मध्ये, एक दाखला त्यांनी दिलेला होताच. तो पुरला नव्हता.

या दोन कागदांच्या मध्ये गुलामी संपली, यादवी युद्ध झाले, नागरी हक्कांचे कायदे झाले. पुरावा मागण्याची रीत मात्र टिकली. ती का टिकली, हा या लेखाचा विषय आहे. आपण सहसा असे धरून चालतो की वांशिक साचे गरिबीतून आणि गुन्हेगारीच्या बातम्यांतून तयार होतात, म्हणून माणूस शिकला, कमावू लागला, मोठ्या पदावर बसला की साचा आपोआप गळून पडतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. यशस्वी काळ्या माणसासाठी साच्यात पहिल्यापासून वेगळी जागा राखलेली होती. १८३० च्या दशकापासून गोरे नट तोंडाला काळे फासून जे नाट्यप्रयोग करत, त्यांत जिम क्रो या मळ्यावरच्या अडाणी गुलामाबरोबर झिप कून नावाचे दुसरे पात्र होते. ते उत्तरेकडच्या शहरातल्या स्वतंत्र काळ्या माणसाचे. तो भपकेदार कोट घाली, अवघड शब्द वापरी, ते चुकवी, आणि प्रेक्षक पोट धरून हसत. अडाणी काळा माणूस चेष्टेचा विषय होता, आणि शिकलेला काळा माणूस पायरी सोडून वागतो म्हणून चेष्टेचा विषय होता. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहावरच्या १९५४ च्या ग्रंथात यामागची मानसिक क्रिया नेमकी हेरली आहे. साच्यात न बसणारा माणूस समोर आला की आपण साचा मोडत नाही. त्या माणसाला अपवाद ठरवतो आणि कुंपण पुन्हा पहिल्यासारखे बांधतो. यशस्वी माणूस फसवा तरी ठरतो किंवा अपवाद तरी, आणि दोन्ही वेळी त्याच्या समाजाविषयीचे मत जसेच्या तसे राहते.

ही चेष्टा पुष्कळदा रक्तापर्यंत गेली. मेम्फिस शहराबाहेरच्या वस्तीत टॉमस मॉस नावाच्या काळ्या टपालवाल्याने काही सहकाऱ्यांबरोबर पीपल्स ग्रोसरी हे किराणा दुकान काढले होते. त्याच भागात एका गोऱ्या माणसाचे दुकान होते, आणि तोवर सगळे गिऱ्हाईक त्याचे होते. मार्च १८९२ मध्ये भांडण पेटले, रात्री हत्यारबंद गोरे लोक दुकानावर चालून आले, गोळीबारात त्यांच्यातले काही जखमी झाले. मॉस आणि त्याचे दोन साथीदार, कॅल्विन मॅकडॉवेल आणि विल स्ट्युअर्ट, यांना तुरुंगात टाकण्यात आले. तिथून जमावाने त्यांना बाहेर काढून गोळ्या घातल्या. पत्रकार आयडा बी. वेल्स मॉसच्या कुटुंबाच्या जवळच्या होत्या. काळ्या पुरुषांना जमाव मारतो तो बायकांवरील अत्याचारामुळे, असे तेव्हा सर्रास सांगितले जाई. मॉसवर तसा आरोपसुद्धा नव्हता. त्याचे दुकान चालत होते, हा त्याचा गुन्हा. या हत्येनंतर वेल्स यांनी एकामागून एक प्रकरणे खणून काढली आणि जमावाच्या हिंसेमागे धंद्यातली चढाओढ आणि काळ्यांची वाढती पत किती वेळा असते हे दाखवून दिले. मे-जून १९२१ मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात ग्रीनवुड ही भरभराटीला आलेली काळी वस्ती गोऱ्या जमावाने जाळली, सुमारे ३५ चौक बेचिराख झाले. तिथली दुकाने, हॉटेले, दवाखाने, चित्रपटगृह ही सगळी उद्योगाने उभी राहिलेली होती. कष्ट करा म्हणजे मान मिळेल हा उपदेश ग्रीनवुडने तंतोतंत पाळला होता.

उघड हिंसा ओसरली तेव्हा तिची जागा अटींनी घेतली. जॅकी रॉबिन्सन यांची कहाणी खेळातल्या विजयाची म्हणून सांगितली जाते, पण तिचा आरंभ २८ ऑगस्ट १९४५ रोजी ब्रुकलिन डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांच्या कचेरीत झाला. प्रमुख बेसबॉल संघांत तेव्हा काळ्या खेळाडूंना मज्जाव होता, आणि रिकी तो मोडायला निघाले होते. सुमारे तीन तास त्यांनी रॉबिन्सन यांची परीक्षा घेतली. ती बॅट-चेंडूची नव्हती. रिकी स्वतः कधी खोली नाकारणारा हॉटेलातला कारकून झाले, कधी अंगावर धावून येणारा प्रतिस्पर्धी खेळाडू, आणि घाणेरड्यात घाणेरड्या शिव्या देत राहिले. समोरच्या माणसाने ब्र काढायचा नाही, ही अट. आणि समोरचा माणूस कोण, तर लष्करात असताना बसमध्ये मागे जाऊन बसायला नकार दिल्यामुळे १९४४ साली कोर्ट मार्शलला सामोरा गेलेला आणि निर्दोष सुटलेला अधिकारी. रॉबिन्सन यांनी अट मान्य केली. १५ एप्रिल १९४७ रोजी ते मैदानात उतरले, आणि आठवडाभरात फिलाडेल्फियाच्या संघाचे व्यवस्थापक बेन चॅपमन यांनी त्यांच्यावर मैदानातून जी शिवीगाळ केली ती त्यांनी मुकाट्याने गिळली. त्या हंगामात ते सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरले. मधुमेहाने दृष्टी जवळजवळ गेलेल्या आणि हृदय थकलेल्या या माणसाचा १९७२ साली वयाच्या ५३ व्या वर्षी मृत्यू झाला. त्या मृत्यूला गिळलेला संताप कारणीभूत होता असे एका माणसाबाबत सिद्ध करता येत नाही, आणि मी तसा दावा करत नाही. पण खेळात अव्वल असूनही ज्याला माणसासारखे रागावण्याची मुभा नव्हती, त्याच्याकडून किती वसूल केले गेले याचा हिशेब धावांच्या फलकावर दिसत नाही.

ती अट आजही लागू आहे, फक्त कोणी समोर बसवून सांगत नाही. रॉबर्ट लिव्हिंग्स्टन आणि निकोलस पिअर्स यांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत फार बोलका आहे. मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांचे चेहरे लोकांपुढे ठेवले तेव्हा काळ्या प्रमुखांचे चेहरे अधिक बाळसेदार, निरुपद्रवी वाटणारे आढळले, आणि त्यांच्यात जितका चेहरा कोवळा तितकी कंपनी मोठी असा कल दिसला. गोऱ्या प्रमुखांना असा चेहरा फायद्याचा ठरत नव्हता. म्हणजे वर जायचे तर कर्तृत्वाबरोबर, आपल्यापासून कोणाला भीती नाही याची हमीही द्यावी लागते. बाईच्या बाबतीत ही हमी आणखी कडक होते. मिशेल ओबामा यांना २००८ च्या प्रचारात ‘संतापी काळी बाई’ हे बिरुद चिकटवले गेले. टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांनी २०१८ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात पंचांशी वाद घातला तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या एका वृत्तपत्राने जे व्यंगचित्र छापले, त्यातले ओठ, केस आणि थयथयाट थेट जुन्या काळे फासलेल्या नाटकांतून आलेले होते. त्या सामन्यात पंच बरोबर होते की चूक, यावर दोन मते असू शकतात. पण रॅकेट आपटणाऱ्या गोऱ्या पुरुष खेळाडूचा राग त्याचा एकट्याचा मानला जातो, हे टेनिस पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

इथे पहिला मोठा आक्षेप येतो: हा सगळा प्रश्न वर्गाचा आहे, वर्णाचा नाही. पैसा आला की वागणूक बदलतेच, जे उरते ते किरकोळ. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याची तपासणी आकड्यांनीच व्हायला हवी. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली लाखो अमेरिकी मुलांचा, पालकांच्या उत्पन्नापासून त्यांच्या स्वतःच्या प्रौढ वयातल्या उत्पन्नापर्यंत, मागोवा घेतला. सारख्याच उत्पन्नाच्या घरांत वाढलेल्या मुलग्यांतही काळे मुलगे गोऱ्यांच्या मागे पडतात, आणि श्रीमंत घरात जन्मलेल्या काळ्या मुलग्यांना ती श्रीमंती टिकवणे गोऱ्यांपेक्षा कितीतरी अवघड जाते. सर्वांत वरच्या १ टक्का घरांतल्या काळ्या मुलग्यांचे तुरुंगात असण्याचे प्रमाण वर्षाला सुमारे ३६,००० डॉलर मिळवणाऱ्या घरांतल्या गोऱ्या मुलग्यांइतके निघाले. नोकरीच्या दारातही हेच. मेरिअन बर्ट्रांड आणि सेंधिल मुलैनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवले होते. गोऱ्या वळणाच्या नावांना काळ्या वळणाच्या नावांपेक्षा ५० टक्के जास्त बोलावणी आली, हा निष्कर्ष पुष्कळांना माहीत असतो. त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे. अर्जातली पात्रता वाढवली तेव्हा गोऱ्या नावांची बोलावणी ३० टक्क्यांनी वाढली, काळ्या नावांची वाढ त्या मानाने फारच थोडी. पात्रता कमावण्यात घातलेली वर्षे दोघांची सारखी, पण मोबदला सारखा नाही.

आणि रस्त्यावर तर पद दिसतच नाही. जुलै २००९ मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स चीनच्या प्रवासाहून केंब्रिजमधल्या आपल्या घरी परतले. पुढचे दार अडकले होते म्हणून त्यांनी चालकाच्या मदतीने ते ढकलले, कोणीतरी पोलिसांना फोन केला, आणि ओळखपत्र दाखवल्यानंतर झालेल्या वादावादीत काठी टेकत चालणाऱ्या या ५८ वर्षांच्या विद्वानाला त्याच्याच ओसरीवर बेड्या पडल्या. आरोप पुढे मागे घेतला गेला. गेट्स उदारमतवादी म्हणून कोणी त्यांची साक्ष बाजूला ठेवील, तर त्याने टिम स्कॉट यांची घ्यावी. दक्षिण कॅरोलायनाचे हे काळे, पण पुराणमतवादी रिपब्लिकन सिनेटर. एका वर्षात पोलिसांनी आपल्याला ७ वेळा अडवले, असे त्यांनी जुलै २०१६ मध्ये सिनेटच्या सभागृहात सांगितले.

याची किंमत शरीर मोजते, आणि हा पुराव्याचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे. साथरोगतज्ज्ञ शर्मन जेम्स यांची नॉर्थ कॅरोलायनात जॉन हेन्री मार्टिन या वृद्ध काळ्या शेतकऱ्याशी गाठ पडली. दुसऱ्यांच्या शेतात बटाईने राबणाऱ्या घरातला, शाळा जवळजवळ न पाहिलेला हा माणूस, चाळिशीपर्यंत ७५ एकरांचा मालक झाला होता. पन्नाशी सरेपर्यंत त्याला रक्तदाब, संधिवात आणि पोटातला व्रण जडले होते. वाफेच्या यंत्राशी पैज लावून जिंकणारा आणि जिंकताक्षणी कोसळणारा लोककथेतला जॉन हेन्री तेव्हा जेम्स यांना आठवला, आणि प्रतिकूलतेशी न थकता झगडण्याच्या या वृत्तीला त्यांनी ते नाव दिले. पुढे जॉर्जियाच्या ग्रामीण भागातल्या काळ्या मुलांच्या पाहणीत जीन ब्रॉडी आणि सहकाऱ्यांना असेच चित्र दिसले. खडतर घरांतली जी मुले अभ्यासात आणि वागण्यात सर्वांत गुणी ठरली होती, ती एकोणिसाव्या वर्षी मनाने स्थिर होती, पण शरीरावरच्या ताणाच्या खुणा त्यांच्यातच जास्त होत्या. प्रसूतीचे आकडे तर वर्गाचा आक्षेप निकालात काढतात. २००७ ते २०१६ या काळातल्या अमेरिकी सरकारी नोंदींनुसार पदवीधर काळ्या स्त्रियांतला गर्भारपणाशी निगडित मृत्युदर पदवीधर गोऱ्या स्त्रियांच्या ५ पटींहून जास्त होता, आणि शालान्त परीक्षाही न झालेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षाही अधिक होता. २०१७ मध्ये बाळंतपणानंतर सेरेना विल्यम्स यांना फुप्फुसात रक्ताची गुठळी झाल्याची शंका स्वतःलाच आली, आणि तपासणी करवून घेण्यासाठी त्यांना हट्ट धरावा लागला. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या खेळाडूला स्वतःच्या शरीराबद्दलही आपले म्हणणे पटवून द्यावे लागले.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. भुकेल्या आणि तुरुंगात खितपत पडलेल्या काळ्यांचे दुःख सोडून प्राध्यापकांच्या आणि खेळाडूंच्या अपमानाची चर्चा कशाला? गरिबांचे हाल मोठे आहेत यात वादच नाही. पण यशस्वी माणसाचे उदाहरण गरिबाविरुद्धच वापरले जाते, म्हणून ते तपासावे लागते. १९८४ ते १९९२ पर्यंत चाललेल्या ‘द कॉस्बी शो’मधले डॉक्टर-वकील दांपत्य अमेरिकेतल्या घराघरांत लाडके होते. सट जाली आणि जस्टिन ल्युइस यांनी प्रेक्षकांशी बोलून १९९२ साली पुस्तक लिहिले. त्यांना आढळले ते असे की अनेक गोरे प्रेक्षक ते कुटुंब पाहून, वर्णभेद संपला आहे आणि मागे राहिलेले काळे स्वतःच्या दोषाने मागे आहेत, असे मानू लागले होते. खरी प्रगती झालेली आहे, हे मी नाकारत नाही. गॅलपच्या पाहणीत काळ्या-गोऱ्यांच्या विवाहाला १९५८ मध्ये ४ टक्के लोकांची मान्यता होती, २०२१ मध्ये ९४ टक्के. मनातला उघड द्वेष खूप घटला. पण त्या प्रगतीचा उपयोग उरलेल्या विषमतेकडे डोळेझाक करण्यासाठी होत असेल, तर तो थांबवलाच पाहिजे.

तिसरा आक्षेप मराठी वाचकाच्या चांगल्याच ओळखीचा आहे. सवलती आहेत म्हणून संशय येतो, सवलती काढा म्हणजे गुणांचा आदर होईल. अमेरिकेत हा युक्तिवाद न्यायमूर्ती क्लॅरन्स टॉमस यांच्यासारख्या काळ्या विचारवंतांनीही केला आहे, त्यामुळे तो नुसता द्वेषातून येतो असे म्हणता येत नाही. तरी तो इतिहासाला धरून नाही. व्हीटलीच्या काळी कोणत्या सवलती होत्या? आपल्याकडे बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा शिपाई त्यांच्याकडे कागद लांबूनच फेकत, आणि राहत्या पारशी वसतिगृहातून त्यांना हुसकावण्यात आले. ती नोकरी आरक्षणातून मिळालेली नव्हती, पदव्या होत्या. याच आंबेडकरांनी १९४६ मध्ये काळे अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकी निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. दोन्हीकडचे दुखणे एकाच जातीचे आहे हे त्यांनी ओळखले होते.

आणि आता या आक्षेपाची परीक्षाही होऊन गेली आहे. २९ जून २०२३ रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी घातली. नऊच महिन्यांनी, २६ मार्च २०२४ रोजी, एक मालवाहू जहाज धडकून बाल्टिमोरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल कोसळला. पुलाशी महापौरांच्या निवडीचा काडीचा संबंध नव्हता. तरी महापौर ब्रँडन स्कॉट काळे आहेत एवढ्यावरून समाजमाध्यमांत त्यांना ‘सवलतीतला महापौर’ ठरवण्यात आले. स्कॉट २०२० मध्ये मतदारांच्या मतांवर निवडून आले होते, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बाल्टिमोरच्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले.