मैदानात मुक्काम ठोकायचा हक्क आहे का?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

मी नाशिकचा. सीबीएसवर मोर्चा आला की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "बस कुठून सुटणार?" पण ६ मार्च २०१८ ला तिथूनच हजारो शेतकरी मुंबईला चालत निघाले. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे कितीतरी आदिवासी त्यात होते. मुख्य मागणी वनहक्काची. साधारण १८० किलोमीटर चालायचं, रात्री मिळेल त्या मैदानात झोपायचं. शेवटच्या रात्री तर ते सायनच्या सोमय्या मैदानातून झोपमोड करून आझाद मैदानाकडे निघाले. का? सकाळी दहावीच्या पोरांचा पेपर होता.

आता कायदा बघू. संविधानाचं कलम १९ आपल्याला बोलायचं आणि शांतपणे, विनाशस्त्र जमायचं स्वातंत्र्य देतं. पण त्याच कलमात सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी 'वाजवी निर्बंध' घालायची मुभा सरकारलाही आहे. सगळी ओढाताण या 'वाजवी' शब्दाची.

१९७२ च्या हिंमतलाल शाह खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, की पोलीस रस्त्यावरच्या सभेला अटी घालू शकतात, पण सभाच नको असा मनमानी अधिकार त्यांना देता येत नाही. २०२० मध्ये शाहीन बागच्या निकालात त्याच कोर्टाने दुसरी बाजू सांगितली: सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही. म्हणजे जमायचा हक्क पक्का, मुक्कामाचा तितका पक्का नाही. अमेरिकेतही तसंच. व्हाइट हाउससमोरच्या बागेत निषेध म्हणून झोपण्यावरची बंदी तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये योग्य ठरवली.

ताजं उदाहरण २०२५ चं. मनोज जरांगे पाटलांना आझाद मैदानात ५ हजार माणसं आणि संध्याकाळी ६ पर्यंतची वेळ, अशी परवानगी होती. गर्दी त्याच्या कितीतरी पट आली, रस्ते भरले, आणि हायकोर्टाने रस्ते मोकळे करायला सांगितलं.

माझं मत विचाराल तर, मुक्काम ही चैन नाही. सुरगाण्याहून आलेला माणूस संध्याकाळी घरी जाऊन सकाळी परत येऊ शकत नाही. त्याला 'सहाला उठा' म्हणणं म्हणजे 'येऊच नका' म्हणण्यासारखं आहे. पण अँब्युलन्स अडली तर तोही कुणाच्या तरी जिवाचाच प्रश्न असतो.

म्हणून तुम्ही आंदोलन करणार असाल तर तीन गोष्टी:

१. पोलिसांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मैदान ज्याच्या ताब्यात आहे त्याचीही परवानगी काढा.

२. शहरात पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागू आहे का ते बघा. तो एका वेळी १५ दिवसांपर्यंतचा असतो. त्यापुढे सरकारची मंजुरी लागते.

३. नकार मिळाला तर कारण लेखी मागा. तोंडी 'नाही'ला कोर्टात आव्हान देणं अवघड जातं.

तुमच्या गावात आंदोलनाची जागा कुठली? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला!