घरगुती सौर संचातील चार्ज कंट्रोलर : निवड व जोडणी

मळ्यातील वस्तीवर दिवे व पंखा यांसाठी बसविलेल्या छोट्या सौर संचात पुन्हा पुन्हा खर्चात टाकणारी वस्तू म्हणजे बॅटरी होय. तिचे आयुष्य बहुतांशी चार्ज कंट्रोलरवर अवलंबून असते. १२ व्होल्ट संचाचे पॅनेल भर उन्हात १७-१८ व्होल्ट दाब देऊ शकते. तो आवरला नाही, तर भरलेल्या बॅटरीतील पाणी आटते व प्लेटी निकामी होतात. शिसे-आम्ल बॅटरीचा दाब सुमारे १४.४ व्होल्टवर पोचताच कंट्रोलर प्रवाह कमी करीत नेतो. रात्री वीज पॅनेलकडे उलट जाऊ देत नाही.

क्षमता कशी ठरवावी? – पॅनेलच्या पाठीवरील लेबलावर ‘आय. एस. सी.’ या अक्षरांपुढे दिलेला अँपिअरचा आकडा पाहावा. १०० वॅटच्या, १२ व्होल्ट संचाच्या पॅनेलास तो सुमारे ६ असतो. अशी दोन पॅनेल समांतर जोडल्यास १२ अँपिअर होतात. त्यास सव्वापट केले असता १५ येतात. म्हणून २० अँपिअरचा कंट्रोलर घ्यावा. हा हिशोब साध्या, म्हणजे पी. डब्ल्यू. एम. प्रकारास लागू आहे. एम. पी. पी. टी. प्रकारात पॅनेलच्या एकूण वॅटना बॅटरीच्या व्होल्टनी भागावे : ४०० भागिले १२, म्हणजे सुमारे ३३, येथे ४० अँपिअरचा कंट्रोलर योग्य होय. थंडीत पॅनेलचा दाब वाढतो. म्हणून लेबलावरील ‘व्ही. ओ. सी.’चा आकडा, पॅनेल एकापुढे एक जोडली असल्यास त्या आकड्यांची बेरीज, कंट्रोलरच्या मर्यादेपेक्षा बरीच कमी असावी.

तारा – तेवढ्याच वॅटसाठी १२ व्होल्टला २३० व्होल्टच्या सुमारे १९ पट प्रवाह वाहतो. घरातील दिव्याची बारीक तार येथे तापते व वीज वाया जाते. वरील २० अँपिअरच्या संचास ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरावी. कंट्रोलर बॅटरीपासून हातभर अंतरावर असावा, परंतु तिच्याच बंद पेटीत नसावा. कारण भरताना बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत २५ अँपिअरचा फ्यूज अवश्य घालावा.

जोडणीचा क्रम – प्रथम बॅटरी, नंतर पॅनेल, शेवटी दिवे. सोडविताना याच्या नेमके उलट. बॅटरी जोडलेली नसताना पॅनेल जोडल्यास अनेक कंट्रोलर बिघडतात. धन-ऋण टोके दोनदा तपासावीत. इन्व्हर्टर कंट्रोलरच्या दिव्यांच्या टोकांवर न जोडता स्वतंत्र फ्यूज घालून थेट बॅटरीवर जोडावा.

बॅटरी बदलताना तिच्या प्रकारानुसार कंट्रोलरची मांडणीही बदलावी. एवढी दक्षता घेतल्यास बॅटरी अकाली बदलण्याचा भुर्दंड शेतकरी बंधूंना सोसावा लागणार नाही.